काचेत न लागलेला फोटो

"हा कुठं घावला तुम्हाला?" मल्लूअण्णांनी विचारलं.

सायबर कॅफेच्या अरुंद कप्प्यात आम्ही दोघं एकमेकांना खेटून बसलो होतो. समोरच्या पडद्यावर वर त्यांच्या स्टुडिओचं नाव आणि एक मथळा होता, मधे एक मोठा कृष्णधवल फोटो आणि खाली मी लिहिलेल्या चार ओळी. आदल्या संध्याकाळी मी हे पान इंटरनेटवर चढवलं होतं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील, फोटो आडवा ताणला जाईल, अण्णा हसतील, अशा शंका एकामागून एक येत होत्या. अण्णांनी यातलं काहीच केलं नाही. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि फोटो कुठं मिळाला तेवढंच विचारलं.

"माळ्यावर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात," मी म्हणालो. "वरचं सगळं बघा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो असंन." मग म्हणाले, "वहिनींनी बघितला का?"

"कुमुदनं? नाही. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते इतका वेळ पाहत राहिले, की माझ्या शर्टावर काही सांडलंय की काय म्हणून मी खाली बघून घेतलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बार्शीच्या एका वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. हेमंतनं, माझ्या मुलानं, पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवून दिला होता, घरी इंटरनेट मात्र नव्हतं, आणि वेळ जाईना म्हणून मी वेबसाइट तयार करायला शिकवणाऱ्या एका क्लासला नाव घातलं होतं. वर्गातली मुलं आमच्या वाचनालयातल्या खुर्च्यांपेक्षाही वयानं लहान होती. त्यांना जे एका बैठकीत जमे, ते मी जाडजूड पुस्तकं वाचून मागाहून गाठायचो. मला आयुष्यात जे काही आलं ते पुस्तकातूनच आलं, आणि म्हणून ते खरंच आलंय की नाही याची मला कायम धाकधूक असते.

मल्लिनाथ उंबरजे, म्हणजे सगळ्या गावाचे मल्लूअण्णा, हे आमच्या वाचनालयाचे जुने सभासद. रहस्यकथा घेऊन जायचे आणि परत करताना खुनी कोण ते मला सांगून टाकायचे. मी क्लासला जातो हे कानावर गेलं तसे ते घरी आले आणि म्हणाले, "काय ओ सर, तुम्ही ते नेटवरचं शिकालाव म्हणं. माझ्या स्टुडिओचं करा की."

मी सांगून पाहिलं, की मी अजून शिकाऊ आहे, माझ्या हातून बिघडेल.

"बिघडायला राहिलंय काय त्यात?" अण्णा म्हणाले. "मेन रोडला तीन नवे स्टुडिओ झाले. लोक येतात, मोबाईलमधला फोटो दाखवतात अन् विचारतात, अण्णा, असं जमंल का. एवढ्या वर्षांत मी काय काढलं ते एकदा गावानं बघावं. मग कुलूप लावायला मी मोकळा."

साइट दसऱ्याला सुरू करायची हेही त्यांनी ठरवून टाकलं. नाही म्हणायलाही थोडा आत्मविश्वास लागतो. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून मी हो म्हणालो.

उंबरज्यांचं नाव होतं ते डोहाळजेवणाच्या फोटोंसाठी. सातव्या महिन्यात बाईला हिरवी साडी नेसवायची, वेणीवर फुलांची वाडी भरायची आणि अण्णांकडे आणायचं. बाई समोर बघत बसायची आणि तिच्यामागे आरसा ठेवलेला असायचा, म्हणजे चेहराही यायचा आणि फुलांनी भरलेली वेणीही आरशात दिसायची. त्यातले निवडक फोटो दुकानाच्या दाराशेजारी, काचेच्या कपाटात लागत. गावात त्याला नुसतं 'काच' म्हणत. येणाराजाणारा काचेपुढं थबके आणि कोण कोण लागलंय ते बघून पुढं जाई. मी मात्र कधी थांबलो नव्हतो. भर रस्त्यात उभं राहून परक्या बायकांचे फोटो बघायचे, हे माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. शिवाय कुमुद बरोबर असली की आम्ही त्या रस्त्यानं जातच नसू. मंडईला जाताना ती तेलघाण्याच्या गल्लीतून वळसा घालून जायची. तिकडं सावली असते म्हणून जात असेल, असं मी धरून चाललो होतो.

साइटसाठी मी अण्णांचे शेकडो फोटो बघितले. काचेत लागून गेलेले सगळे बघितले. ते चांगलेच होते, पण पहिल्या पानावर कुठला घ्यावा हे मला ठरवता येईना. एक निवडावा, तर दुसऱ्या दिवशी तो फिका वाटे. दसरा जवळ येत चालला होता. अशात माळ्यावर तो पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात हा फोटो.

फोटोतल्या बाईनं कॅमेऱ्याकडे पाठ केली होती. बसवलं असणार सरळच, पण ऐन वेळी आरशाच्या मागून कुणीतरी काहीतरी बोललं असावं आणि ती वळली असावी. फुलांनी भरलेली लांब वेणी त्यामुळं समोर आली होती आणि आरशात तिचा चेहरा, तोही अर्धामुर्धा. गालाची कड, कानातली कुडी आणि हसू आवरायला दाबून धरलेला ओठ. डावा हात मागे मानेशी गेला होता, फुलं जागेवर आहेत ना ते चाचपायला. बोटं थोडी पसरलेली होती.

त्या हाताकडे मी फार वेळ बघत राहिलो. आपण बघतोय याची लाज वाटली, तरी बघत राहिलो. फोटोच्या मागं नुसता नंबर होता. ती कोण, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता आणि खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंही नव्हतं.

आयुष्यात मी स्वतः निवडलेल्या गोष्टी फार थोड्या. नोकरी थोरल्या भावानं बघितली. मुलगीही त्यानंच बघितली. मला बरोबर नेलं होतं, पण मी पोह्यांच्या बशीवरून नजर उचलली नव्हती. घरी आल्यावर भावानं पसंत आहे म्हणून सांगितलं आणि मी मान हलवली. हा फोटो मात्र मी निवडला आणि निवडल्यावर एकदाही मागं फिरून विचार केला नाही.

"हा काढा, सर," कॅफेत अण्णा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "वाईट दिसतोय का?"

"वाईट? मी काढलेला सगळ्यात चांगला असंल कदाचित."

"मग?"

"हा काचेत लागलेला नाही कधी."

मला काही उमगलं नाही. उमगलं नाही की विचारायचं नाही, ही माझी जुनी खोड. मी माउसवर हात ठेवला आणि तेवढ्यात लाइट गेली. कोपऱ्यातलं यंत्र पीं पीं करायला लागलं. कॅफेच्या मालकानं सगळ्यांना मशीन बंद करायला सांगितलं. भारनियमनाचे दिवस होते. आता दुपारशिवाय लाइट येणार नव्हती.

पडदा काळा झाला. अण्णा थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"इथं अंधार झाला म्हणजे तिकडंबी गेला का फोटो?"

"नाही. तिकडं आहेच तो."

"म्हणजे आत्ता सोलापुरात कुणी उघडलं तर दिसंल?"

"दिसेल."

"अमेरिकेत?"

"तिथंही."

"भले," अण्णा म्हणाले. "अन् मी काल दुकानाच्या फळीवर खडूनं पत्ता लिहून ठेवलाय. येईल त्याला सांगालोय, घरी जाऊन बघा म्हणून."

आम्ही चालत स्टुडिओत आलो. आत अंधार होता. मागचा रंगीत पडदा, आरसा, कोरीव चौरंग, सगळं सावल्यांसारखं उभं होतं. अण्णांनी आधी फळीवरचा पत्ता ओल्या फडक्यानं पुसला. मग तेच फडकं कोरडं करून एक भिंग पुसायला घेतलं, जे आधीच स्वच्छ होतं. बराच धीर गोळा करून मी विचारलं, की ती बाई कोण आहे.

अण्णांचा हात थांबला. "सर, ही कोण आहे, हे तुम्ही मला विचारालाव?"

तो मला दम वाटला. दुसऱ्याच्या दुकानातल्या बायकांच्या चौकशा कशाला करता, असा. "तसं नाही," मी म्हणालो. "मागं नुसता नंबर होता. मला कसं माहीत असणार?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो न्यायला कुणी आलंच नाही. मी पण निरोप धाडला नाही. असे आणखी आहेत त्या डब्यात. कुणी नेले नाहीत अन् मलाबी टाकवले नाहीत."

"का नेले नाहीत?"

"घरी जा, सर. जेवा. लाइट आली की तेवढा काढून टाका, दुसरा कुठलाबी लावा."

मी चपला घालत होतो तेव्हा ते दारापर्यंत आले. "अन् वहिनींना…"

"काय?"

"काही नाही. नमस्कार सांगा."

घरी आलो तेव्हा कुमुद स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी हातपाय धुवायचंही विसरून तिच्यासमोर पाट घेतला आणि झालेलं सांगायला लागलो. एरवी मी माझ्या कामाचं तिला फारसं सांगत नसे आणि तीही विचारत नसे. तसं आमच्यात भांडण कधीच नव्हतं.

काचेत लागला नाही, हे अण्णांचे शब्द मी सांगितले तशी ती म्हणाली, "मग कशाला लावलात?"

"म्हणजे? तुला कळलं ते काय म्हणाले ते?"

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "अण्णांची पद्धतच आहे ती. डोहाळजेवणाचा फोटो काढला म्हणून लगेच काचेत लावत नाहीत. बाळ होतं, बारसं होतं, मग आई बाळाला घेऊन बारशाचा फोटो काढायला येते. ती आली की आधीचा फोटो काचेत लागतो. त्याच्याआधी नाही. गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे."

"आणि जी येत नाही तिचा?"

"तिचा लागत नाही," कुमुद म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

म्हणजे तो डबा तशा बायकांचा होता, आणि त्यातली एक मी उचलून सगळ्या जगासमोर टांगली होती. वर 'आनंदाचे क्षण' असं लिहिलंही होतं. ती बाई गावातच असेल. तिच्या सासरचं कुणी बघेल, शेजारपाजारचं कुणी ओळखेल. किंवा कुणीतरी कौतुकानं तिलाच नेऊन दाखवेल, हे बघा, तुम्ही आलाय. मग ती काय करेल? मला ते पुढं बघवेना.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली, ती मी बोललो नाही. असं आमच्याही घरात झालं होतं. हेमंतच्या आधी. मी तेव्हा ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमासाठी पुण्याला होतो. परत आलो तेव्हा सगळं उरकलं होतं आणि कुमुद भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी उशाशी बसलो आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळं काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही सुचलं नाही. पुढं त्या विषयावर बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होऊन बसलं. हेमंतच्या वेळी ती वैरागला माहेरी गेली आणि तिनं कुणाला डोहाळजेवण करू दिलं नाही. म्हणून आज हिला हे सगळं सांगायला नको होतं, असं मला वाटायला लागलं. पण ती शांतपणे मेथी निवडत होती.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"कोण?"

"फोटोतली."

"चेहरा नीट दिसत नाही. पाठ केलीय तिनं. वेणी सगळी समोर आलीय."

"वाडी कसली आहे?"

असल्या गोष्टी मला कधी कळल्या नाहीत. मी आठवून सांगितलं, की फुलं जरा मोठी आहेत, मोगरा नसावा, आणि मधे मधे कसली तरी बारीक पानं आहेत.

"मरवा," ती म्हणाली. "पाठ का केलीय पण?"

"आरशामागून कुणीतरी हसवलं असावं. ती वळून हसतेय. म्हणजे हसू दाबतेय. आणि हात असा मागं…" मी माझा हात मानेशी नेऊन दाखवायला गेलो आणि ओशाळून खाली घेतला.

कुमुदच्या हातात मेथीची एक काडी होती. ती तिनं निवडलेल्या पाल्यात टाकली, मग उचलून पुन्हा कचऱ्यात टाकली. तिच्या ओळखीची कुणीतरी निघाली, हे माझ्या ध्यानात आलं. मैत्रीण असेल, नात्यातली असेल. माझा धीर आणखीच खचला.

"ओळखीची वाटते का तुला?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?" ती उठली, हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाली, "काढायच्या आधी मला दाखवा."

मी म्हणालो, ते बरं दिसणार नाही. तिकडं सगळी पोरंटोरं बसलेली असतात. शिवाय ज्या बाईचं दुःख आहे तिचा फोटो आपण मुद्दाम जाऊन बघायचा…

"तुम्ही बघितलात ना?" कुमुद म्हणाली.

जेवताना ती पानात भात चिवडत राहिली. मग तिनं साडी बदलली. दुपारी बाहेर जायला ती कधी साडी बदलत नसे. मी घड्याळाकडे आणि वरच्या पंख्याकडे आळीपाळीनं बघत होतो. एवढ्या वेळात किती लोकांनी ते पान उघडलं असेल, याचा मनाशी अंदाज करत होतो. तो अंदाज दर थोड्या वेळानं वाढत होता. पंखा फिरायला लागला तसा मी ताडकन उठलो.

आम्ही नेहमीप्रमाणे तेलघाण्याच्या गल्लीनं गेलो. उन्हं चांगलीच होती आणि त्या गल्लीत सावलीचा पत्ता नव्हता. इतकी वर्षं मी त्या गल्लीतून जात होतो आणि हे मला त्या दिवशी दिसलं. पण तेव्हा माझं डोकं भलतीकडेच होतं. पासवर्ड आठवतोय का ते मी परत परत म्हणून बघत होतो.

कॅफेत गर्दी होती. मालकानं कुमुदकडे बघून एका पोराला उठवलं आणि आम्हाला सकाळचाच कप्पा दिला. अण्णा बसले होते त्या खुर्चीवर कुमुद बसली. तिनं हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि बसची वाट बघावी तशी समोर बघत राहिली.

मी पान उघडलं. त्या काळी आमच्याकडे फोटो एकदम येत नसे. वरून खाली, एकेक पट्टी उमटत यायची. आधी मागच्या पडद्यावरचा मोर आला. मग आरशाची कोरीव कड. मग केस, आणि केसांमधून सुरू झालेली पहिली फुलं. आरशात गालाची कड आली, कुडी आली. ओठ आला. तिथं ते अडकलं.

"अडकलं," मी म्हणालो.

"येईल," कुमुद म्हणाली.

पुढची पट्टी आली आणि तिच्यात तो हात आला. मानेशी गेलेला, बोटं थोडी पसरलेली. तिला ओळख पटली का ते बघायला मी तिच्याकडे वळलो. ती पडद्याकडे एकटक बघत होती. तिचा डावा हात मागं गेला होता, मानेशी, जिथं आता पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा होता. त्याच्या पिना ती चाचपत होती. बोटं थोडी पसरलेली होती.

मी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. शेजारच्या कप्प्यात कुणीतरी गाणं लावलं होतं ते मला ऐकू येत होतं, एवढंच.

"अक्का होती आरशामागं," कुमुद म्हणाली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, तेव्हा बार्शीतच दिलेली. "अक्कानंच वाडी भरली होती. मी कॅमेऱ्यापुढं अगदी ताठ होऊन बसले, तर मागनं म्हणाली, तुझा नवरा तिकडं पुण्यात पुस्तकांच्या ओट्या भरत बसला असेल."

तिचा ओठ दाबला गेला. आरशातला होता तसाच. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं.

"मी ओळखलं नाही," मी म्हणालो.

"पाठमोरी आहे."

"तरी ओळखायला हवं होतं."

फोटो आता पूर्ण उतरला होता. ती जरा पुढं वाकली. "मी कधी बघितलाच नव्हता हा. मला वाटायचं, सुजलेली दिसत असेन." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "तिचाही हा एकच."

तिचा म्हणजे कुणाचा, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मुलगी होती. आमच्या दोघांत तिचा उल्लेख त्या दिवशी पहिल्यांदा झाला, सायबर कॅफेच्या कप्प्यात.

मी घाईघाईनं माउस धरला. पडद्यावरचा बाण भलतीकडे पळत होता. "काढतो," मी म्हणालो. "एक मिनिट लागेल. अण्णांनी सांगितलंय. आत्ता काढतो."

"थांबा जरा." ती अजून पुढंच बघत होती. "अण्णांकडे खूप फोटो असतील ना?"

"शेकड्यांनी."

"सगळे बघितलेत?"

"सगळे."

"आणि पहिल्या पानावर लावायला हा घेतलात."

"हो."

"कुणाचा आहे ते ठाऊक नसताना."

"हो," मी म्हणालो आणि मान खाली घातली. आता ती जे बोलेल ते बोलायचा तिला पूर्ण हक्क आहे, असं मी मनाशी म्हणालो आणि वाट बघत राहिलो. बाण पडद्याच्या कोपऱ्यात थरथरत होता.

मी चोरून बघितलं तर ती फोटोकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. लग्नाच्या आधी, मुलगी बघायच्या वेळी, ती माझ्याकडे अशीच बघत असेल का, असं उगाच माझ्या मनात आलं. मला ते कळायचा काही मार्ग नव्हता.

"मग राहू दे," कुमुद म्हणाली.

"अण्णा म्हणाले होते…"

"अण्णांना मी सांगते काय ते. वर लिहिलंय ते तेवढं काढा. कसले क्षण ते. नुसता फोटो असू दे."

मी वरचे शब्द काढले. तेवढंही मला तीनदा करावं लागलं. ती शेजारी शांत बसून होती.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन कललं होतं. नाक्यावर येऊन मी सवयीनं तेलघाण्याच्या गल्लीकडे वळलो. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, की ती बरोबर नाही. मागं बघितलं तर ती नाक्यावरच उभी होती, मेन रोडकडे तोंड करून. लांबवर अण्णांच्या स्टुडिओची पाटी दिसत होती आणि तिच्याखाली काच उन्हानं चमकत होती.

"इकडून चला," ती म्हणाली. "जवळ पडतं."